लांडग्यावरची बाई

६ जानेवारी

राजकुमारी तेजोमयी स्वरदाला मिळाली. मला राक्षसीण.

शंतनूने फोनवर ही बातमी अशा सुरात दिली की जणू माझा सत्कार ठरलाय. "मॅडम, कराळी म्हणजे आपल्या मालिकेचा आत्मा. वृकस्वारांची राणी. हिरवी कातडी, खालच्या ओठातून वर आलेले सुळे, गळ्यात माणसांच्या दातांची माळ. आणि ती लांडग्यावर बसून येते."

"लांडग्यावर?"

"घोड्याएवढ्या लांडग्यावर."

अच्छा. घोड्याएवढा आहे म्हटल्यावर माझी काहीच हरकत नाही.

वृकस्वार! वृक संस्कृत आणि स्वार फारसी. दोघांचं लग्न लावलं, पण लांडगेस्वार म्हणायला या मुलाची जीभ रेटत नाही. आणि हा म्हणे लेखक, दिग्दर्शक, निर्माता सगळं एकटाच. वय सत्तावीस. मोबाईलवर ऐकायची मालिका. ऐकायचीच आहे तर हिरवी कातडी कोणाला दिसणार, हे विचारायचं राहून गेलं.

मी विद्यापीठात नाट्यशास्त्र केलं. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं पदक घेतलं. पिशोरसारख्या खेड्यातून आलेल्या मुलीचे 'न' आणि 'ण' इतके स्वच्छ कसे, याचं परीक्षकांना कोण कौतुक! वीस वर्षं ते 'न' आणि 'ण' घासूनपुसून ठेवले, ते काय या सुळेवालीसाठी?

शिवराज वाळूजच्या कंपनीतून आला, त्याला सांगितलं. म्हणाला, "आवाजच द्यायचाय ना? चेहरा कुठं दिसणारे?" नवऱ्याने धीर दिला तो असा.

होकार कळवला. दुसरं काय करणार? गेल्या वर्षभरात नाटकाचा एक प्रयोग झाला, त्यालाही निम्मे लोक पाहुण्यांच्या भाषणानंतर उठून गेले.

९ जानेवारी

उस्मानपुऱ्यातला एक फ्लॅट म्हणजे स्टुडिओ. भिंतींना अंड्याच्या ट्रेसारखा फोम. पंखा बंद, फक्त एसी. भिंतीवर शंतनूने स्वतः काढलेला नकाशा. वर हिमनगरी, खाली काळदरी, मधे एक घाट. त्या घाटातून म्हणे दहा हजार लांडगेस्वार उतरतात.

मी विचारलं, "दहा हजार लांडगे खातात काय?"

"शत्रूंना खातात."

"आणि ज्या दिवशी लढाई नसते त्या दिवशी?"

त्याने वहीत टिपून घेतलं. मला जरा दयाच आली. म्हटलं, "बरं, खोगीर कसं बसवता? लांडगा पळताना त्याची पाठ धनुष्यासारखी वाकते. तिच्यावर बाई टिकणार कशी?"

"मॅडम, फँटसी आहे."

"फँटसीत पाठ वाकत नाही का?"

स्वरदा हसली. ती पुण्याहून इथे दिलेली, बँकवाल्या नवऱ्यासोबत. बोलते ते असं की पाणी गाळून घेतलंय.

मग वाचन. मी कराळीची वाक्यं जशी लिहिली होती तशी, खड्या स्वरात, स्वच्छ वाचली. शंतनू हेडफोन चाचपत म्हणाला, "सुंदर. पण फार शुद्ध वाटतंय. राक्षस आहेत ना ते. थोडं गावरान करा. आपल्याकडचं. लई, व्हय, नाय."

"म्हणजे राक्षस मराठवाड्यातले?"

"नाही नाही, काळदरीतले."

"आणि तेजोमयी?"

"हिमनगरीची."

"मग ती पुण्याची मराठी कशी काय बोलते?"

"ती नॉर्मल बोलते, मॅडम."

नॉर्मल. रिक्षात बसल्यावर त्रिमूर्ती चौकापर्यंत मी तो शब्द चघळत होते. रिक्षावाला आरशात बघायला लागला तेव्हा गप्प बसले.

११ जानेवारी

आज नळाला पाणी. ड्रम भरताना सराव केला. विनोदी कार्यक्रमात पुण्या-मुंबईची मंडळी खेडवळ बाई करतात तसं करून पाहिलं, कमरेवर हात आणि घसा ताणून. स्वतःचीच शिसारी आली. असं कोणी बोलत नाही. पिशोरच्या आठवडी बाजारातही नाही, भांडणातसुद्धा नाही.

मग दिवाळीतली गोष्ट आठवली. गंगापूरला सासूबाईंच्या ओट्यावर कापसाचा व्यापारी आला होता. माल ओला आहे म्हणून भाव पाडत होता. सासरे गेल्यापासून शेती त्या, द्वारकाबाई, एकट्याच बघतात. त्या सुपात दाणे निवडत होत्या. मान वर केली नाही, आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. म्हणाल्या, "बसा. पानी प्या. आन् मंग जा." तो माणूस खरंच बसला, खरंच पाणी प्यायला आणि निघून गेला.

बोलण्याआधी नाकातून एक श्वास. शब्दाचा शेवट गिळायचा. समोरच्याने उत्तर द्यावं अशी अपेक्षाच ठेवायची नाही.

सापडली कराळी. लग्न झाल्यापासून या बाईने मला नाटकवाली म्हटलं. 'तोंड रंगवून लोकांपुढं नाचायचं, त्याला कॉलेज लागतं व्हय?' माझं एक नाटक कधी येऊन पाहिलं नाही. आता बसा म्हणावं लांडग्यावर.

१७ जानेवारी

पहिले भाग ध्वनिमुद्रित झाले. कराळी घाटाच्या तोंडाशी हिमनगरीच्या सेनापतीला अडवते तो प्रसंग. लिहिलेलं होतं, 'थांब, नराधमा! मृत्यू तुझी वाट पाहत आहे!' मी कृष्णदंताच्या (हे लांडग्याचं नाव) मानेवर हात ठेवला, म्हणजे स्टुलावर ठेवला, आणि म्हटलं, "बस. पानी पी. आन् मंग मर."

शंतनूने हेडफोन काढून हातात धरला. म्हणाला, "हे कुठून आणलंत?"

"अभिनय," मी म्हटलं. पदवीचा कागद घरी आहे, हवा तर आणून दाखवते, हे मनात.

२ फेब्रुवारी

मालिका चालली. चालली म्हणजे कराळी चालली. तेजोमयीच्या दीड-दीड पानी स्वगतं लोक पुढे पळवतात आणि लांडगे येतात तिथे थांबतात, असं शंतनूच म्हणाला. खालच्या अभिप्रायांत लोक लिहितात, 'कराळीला जिंकू द्या.' जालन्याच्या कोणीतरी 'बस, पानी पी' हीच फोनची रिंगटोन ठेवलीय.

काय एकेक लोक! घोड्याएवढा लांडगा मान्य, सुळेवाली बाई मान्य, वर तिचा लळा. आम्ही रंगमंचावर खऱ्या माणसांची खरी दुःखं उभी करत होतो, तेव्हा ही मंडळी कुठे होती कोण जाणे.

स्वरदाचा फोन आला. "तुझं मस्तच झालंय गं. तुला ती भाषा अगदी सहज येते ना!"

सहज. मी म्हटलं, "हो, तुला जशी दया सहज येते."

शिवराजने एक भाग ऐकला. म्हणाला, "आवाज क्लिअर आहे." कंपनीत यंत्रांची खरखर तपासण्यात जन्म चाललाय, दुसरं काय सुचणार? स्वतःची आई ओळखू आली नाही या माणसाला. एका परीने बरंच झालं.

१३ फेब्रुवारी

नाही झालं बरं. सासूबाई आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन आता, दुसऱ्याचं उन्हाळ्यानंतर. गंगापूरहून काळी-पिवळी जीपमध्ये बसून एकट्याच आल्या. सोबत हुरड्याची पिशवी. शिवराज म्हणाला, "अगं, मी घ्यायला येणार होतो." तर म्हणे, "मला दिसत नाय, पाय हायेत."

मी दार उघडलं तर माझ्या चेहऱ्यापासून वीतभरावर तोंड आणून बघितलं. "डोळं चांगलं हायेत मपले. मान्सं पुसट झालीत."

चहा दिला. 'पानी जास्त झालं' म्हणाल्या. आत्ता कुठे चपला काढल्या होत्या.

१८ फेब्रुवारी

ऑपरेशन काल झालं. हिरवं कापड, मग काळा चष्मा. डॉक्टरांनी वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, टीव्ही नाही असं सांगितलं. त्यांना घरात कोंडून ठेवायचं आणि राखण मी करायची.

थेंब मी घालते. त्या डोळा मिटून घेतात. एका हाताने पापणी धरायची, दुसऱ्या हाताने थेंब. पापणी किती पातळ झालीय! आणि एवढ्या बाईचा डोळा थेंब पडताना लहान मुलासारखा दचकतो. "झालं का?" "झालं." "थंड लागलं." मग तोंड भिंतीकडे.

१९ फेब्रुवारी

स्टुडिओतून आले आणि चपला पायातच राहिल्या. आतल्या खोलीतून माझा आवाज येत होता. म्हणजे तिचा. म्हणजे कराळीचा.

उशीजवळ शिवराजचा फोन. त्या उताण्या पडलेल्या, काळा चष्मा छताकडे. शिवराज हॉलमध्ये शांतपणे पेपर वाचत होता. "आईला करमत नव्हतं. म्हटलं तुझी मालिका लावून देऊ. आवडली वाटतं, उठलीच नाही."

या माणसाला मी काय म्हणू?

२१ फेब्रुवारी

सगळे भाग ऐकून झाले. पुन्हा पहिल्यापासून चाललेत. एक शब्द बोलत नाहीत. आज आमटीत मीठ जास्त पडलं होतं, स्वतः मला जाणवलं. त्या निमूट जेवल्या. ही बाई मीठ जास्त पडलं असता गप्प राहते म्हणजे मनात काहीतरी मोठं रचतेय. गंगापूरला जाऊन भाऊबंदांना सांगेल, सुनेनं मला राक्षसीण केलं, लांडग्यावर बसवून गावभर फिरवलं.

सांगेना का! नाटकवाली म्हणताना हिने कोणाला विचारलं होतं?

दुपारी झोप लागली नाही.

२३ फेब्रुवारी

आज बोलल्या. थेंब घालताना, पापणी माझ्या बोटात असताना.

"ती कराळी कोन?"

"काल्पनिक पात्र आहे, आई. काळदरीची राणी."

"ते नाय इचारत. आवाज कुनाचा?"

"मी दिलाय."

"ते कळलं मला. येडी नाय मी. पहिल्याच बोलाला वळखलं."

थेंब डोळ्याऐवजी गालावर पडला.

"काय ओळखलंत?"

"तू शिवराजवर चिडती तव्हा अशीच बोलती. आवाज खाली घेऊन. तुला वाटतं, दार लावलं म्हंजे मला आइकू येत नाय."

ही माझीच नक्कल आहे म्हणे! म्हणजे म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, हेच खरं. मी निरीक्षण करून, श्वासाची जागा शोधून, एकेक शब्द घासून उभी केलेली व्यक्तिरेखा. आणि यांना वाटतं मी घरात चिडते तेच मायकवर ओतलं.

शिवराजला विचारलं, "मी चिडल्यावर कशी बोलते रे?" त्याने पेपर जरा वर धरला. म्हणाला, "मी कधी नीट ऐकलं नाही." शहाणा झालाय.

सासूबाईंनी झोपण्याआधी लांडग्याचं नाव विचारलं. "कृष्णदंत," मी म्हटलं.

"काय?"

"कृष्णदंत. काळ्या दातांचा."

"असं नाव घेऊन जनावर येतंय व्हय? काळ्या म्हन."

२५ फेब्रुवारी

आता रोज विचारतात, "पुढं काय व्हतं?" मी सांगितलं, करार आहे, सांगता येत नाही. "मी कुनाला सांगू ऱ्हायले? भिंतीला?" सांगितलं मग. रुग्णाला करमायला पाहिजे, डॉक्टरच म्हणालेत. एकदा थेंब घातले की मी खुर्ची ओढून बसते आणि पुढच्या भागातली कराळीची वाक्यं म्हणून दाखवते. त्या मधेच हात वर करतात. "हे नाय बोलायची ती." बहुतेक वेळा बरोबर असतं. योगायोग.

तेजोमयी त्यांना सोसत नाही. "ती पोरगी बोलती लई. कामं कोन करतं तिचं?"

यावर आम्ही दोघी हसलो. मी ते लिहून ठेवतेय एवढ्यासाठीच की असं पूर्वी झाल्याचं आठवत नाही.

२७ फेब्रुवारी

शेवटच्या भागाची संहिता आली. वाचून हात चोळत बसले.

कराळी हरते. ठीक आहे, राक्षसिणी हरतातच. पण ती तेजोमयीच्या पायावर लोळण घेते! 'दया करा राजकुमारी, मी अडाणी, मी पापी.' मग तेजोमयी दयेवर दीड पान बोलते. आणि एवढं बोलून झाल्यावर तलवार काढून तिची मान उडवते. दयेचं भाषण आधी आणि मान नंतर. याला म्हणतात नॉर्मल.

स्टुडिओत सांगितलं, "मी पाया पडणार नाही."

शंतनू म्हणाला, "तुम्ही नाही मॅडम, कराळी."

"तीच म्हणतेय मी."

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी हसत नाहीय. म्हणाला, शेवट लोकांना समाधान देणारा हवा, वाईटाचा गर्व उतरायला हवा. मी म्हटलं, "तिचा गर्व काय? घाट तिचा, दरी तिची. तुझी राजकुमारी तिथे खाणीतला नीलमणी न्यायला आली होती. पहिल्या भागात तूच लिहिलंस."

त्याने हे टिपून घेतलं नाही. घाम पुसला आणि म्हणाला, "मॅडम, मग मला दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावं लागेल. शेवटी गावरान काय, कोणीही करतं."

कोणीही करतं.

हेडफोन ठेवला आणि निघून आले. जिन्यात स्वरदा मागून हाक मारत होती. थांबले नाही. रिक्षावाल्याने जादा पैसे सांगितले तेव्हा त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो मुकाट मीटरवर आला.

२८ फेब्रुवारी

सासूबाईंना सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार? शिवराज म्हणाला असता, मिटवून टाक.

"बरं केलं," म्हणाल्या. थोड्या वेळाने, "मंग आता मारनार कोन तिला?"

"दुसरी कोणीतरी येईल. तिच्या आवाजात पाया पडेल."

मला वाटलं डोळा लागला. तर म्हणाल्या, "आन् काळ्याचं काय?"

"कोणाचं?"

"लांडग्याचं गं. ती मेल्यावर त्यो कुठं जातो?"

मी संहिता उघडून पाहिली. सगळी चाळली. कृष्णदंत घाटातल्या लढाईनंतर कुठेच नाही. लिहायलाच विसरलाय तो मुलगा. राणीला गुडघ्यावर आणण्याच्या नादात एवढा घोड्याएवढा लांडगा हरवला.

"लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

त्या कुशीवर वळल्या. जेवायला उठल्या नाहीत. मालिकेतल्या एका खोट्या लांडग्यासाठी उपाशी राहायचं, वयाच्या सत्तरीत! मीही फारसं जेवले नाही, पण ते ॲसिडिटीमुळे.

२ मार्च

शंतनू घरी आला. हातात इमरतीचा पुडा, चेहरा तीन दिवस तापात असल्यासारखा. एका मुलीकडून करून बघितलं म्हणे. "गंमतजत्रा वाटली, मॅडम." मी त्याला उभंच ठेवणार होते. पण सासूबाई काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या.

"कोन आलंय?"

"मी शंतनू, आजी. मालिका लिहितो ती."

नाकातून एक श्वास. "तू लिहितो व्हय? बस. पानी पी."

तो बसता बसता अर्ध्यात थांबला. त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते, पण हा मुलगा डोळे वाचणाऱ्यांतला नाही. म्हणालाच, "आजी! अहो, तुम्हीच कराळी!"

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "मी कशाला? ती काय उभी तुझ्याम्होरं. आमच्या घरात राक्षसीन एकच हाय."

"आई!" मी म्हटलं.

"बघ, आलाच ना आवाज," त्या त्याला म्हणाल्या.

तो इमरतीचा पुडा मांडीवर घेऊन बसला. मग त्यांनी त्याची उलटतपासणी घेतली. ती मी जशीच्या तशी लिहिते.

"तुझी ती राजकन्या. तिचा घोडा शेवटी कुठं जातो?"

"राजवाड्यात परत जातो, आजी."

"आन् हिचा लांडगा?"

त्याने पुड्याची दोरी सोडली, परत बांधली.

"घोड्याला घर हाय आन् लांडग्याला नाय व्हय?"

"ते... राहून गेलं."

"राहून गेलं. आन् ती पाया पडती म्हन."

"आजी, राक्षस आहेत ते."

"असतील की. राक्षसाला गुडघे हायेत म्हनून ते टेकायलाच पायजे व्हय? तुह्या त्या नकाशात घाट कुनाचा? तिचा. मंग तिनं कशाला रडायचं दारात आलेल्या बाईपुढं?"

मी नकाशाबद्दल त्यांना कधी सांगितलं होतं? सांगितलं असेल.

शंतनू निघताना म्हणाला, "मॅडम, तुमची जागा मी कोरी ठेवतो. तुम्हाला हवं तसं एकदा करा. नाही जमलं तर माझं."

इमरती सासूबाईंनी खाल्ली. डॉक्टरांनी तिला मनाई केलेली नाही.

४ मार्च

झालं.

आधी स्वरदाचं दीड पान. मी काचेच्या अलीकडे उभी राहून ऐकलं सगळं. 'दया हीच बलवंतांची शोभा' वगैरे. माझ्या पानावर फक्त 'कराळी' एवढंच लिहिलेलं, पुढे कोरं.

मी काहीच ठरवून गेले नव्हते. हे खोटं नाही. कृष्णदंताच्या जागी तेच स्टूल होतं, त्यावर माझी शाल. मी खाली उतरले, म्हणजे वाकले. खोगिराचा पट्टा सोडला. शालीची गाठ सुटताना आवाज झाला तो मायकने घेतला.

म्हटलं, "काळ्या. जा."

तो जाईना. तिथे कोणी नव्हतं हे मला माहीत आहे. मी काही वेडी नाही. पण तो जात नव्हता.

"जा म्हनलं ना. इथं काय नाय आता तुपलं. दरीनं जा, उजेड व्हायच्या आत. मागं बघायचं नाय."

गेला मग.

मग मी वळले आणि म्हटलं, "हं. झालं का भाषन तुझं? कर आता काय करायचं ते."

यानंतर तेजोमयीचं वाक्य होतं. ते आलंच नाही. स्वरदा तोंडावर हात ठेवून उभी होती. शेवटी ते वाक्य गाळलं, तलवारीचा आवाज तेवढा घालणार आहेत.

त्या स्टुडिओतला एसी फार वाईट. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शंतनू काचेपलीकडे पाठ करून उभा होता, त्यालाही एसी लागला असणार. बाहेर येताना स्वरदाने माझा हात धरला आणि नुसताच दाबला. तीही गार पडली होती. एवढी गाळून-गाळून बोलणारी बाई, एक शब्द सुचला नाही तिला. मला बरं वाटलं. का ते लिहीत बसत नाही.

९ मार्च

शेवटचा भाग आज आला. शिवराजने सासूबाईंच्या उशाशी लावून दिला. मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद करून भाकरी थापत होते, हे नंतर लक्षात आलं.

तलवारीचा आवाज झाला, मग संगीत. मग काहीच नाही. मी हात न धुताच दारात गेले.

"गेला का त्यो?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"वळून पाह्यलं का?"

"नाही."

"गुनाचं जनावर." मग म्हणाल्या, "चहा ठेव."

एवढंच. चांगलं झालं म्हणायला काय जातं या बाईचं? जिच्यापायी मी काम घालवायला निघाले होते, तिला चहा हवा. ठेवला. प्यायल्या. पाणी जास्त झालं म्हणाल्या नाहीत, एवढी एक नोंद.

शंतनूचा फोन आला. लोक चिडलेत म्हणे, कराळीला का मारलं. आणि शंभर जण विचारतायत, लांडगा कुठे गेला. त्याला आता लांडग्यावर नवी मालिका करायचीय. मी म्हटलं, त्याला जरा श्वास घेऊ दे, आत्ता कुठं सुटलाय. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हे खरंच चिडून बोलले.

१० मार्च

सासूबाई गंगापूरला गेल्या. शिवराज सोडायला गेला, या वेळी ऐकलं नाही त्याने. निघताना त्यांनी माझ्याकडे चांगलं लांबून बघितलं, नव्या डोळ्याने. "आता दिसती नीट," म्हणाल्या. "वाळलीस लई."

घर लई मोकळं वाटतंय. चांगलं वाटतंय. थेंबांच्या वेळेला उगीच उठले आणि परत बसले.

११ मार्च

दुपारी मीच फोन केला. शिवराज तं करणार नाही, त्याला वाटतं सोडून आलो म्हंजे झालं.

"नमस्कार आई," मी म्हटलं. "प्रवासाचा त्रास नाही ना झाला? आपण थेंब वेळेवर घालता आहात ना? डॉक्टरांनी आवर्जून सांगितलंय."

मला वाटलं फोन कटला.

"आई? ऐकू येतंय ना आपल्याला?"

"येतंय," त्या म्हणाल्या. "ही बाई कोन बोलू ऱ्हायली? हिला ठेव बाजूला. त्या लांडग्यावरच्या बाईला दे फोन."

माझं डोकंच फिरलं. एवढं काळजीनं करावं, त्याची ही किंमत! मी म्हटलं, "लई झाली मस्करी. थेंब घातले का नाय ते सांगा आधी. नाय घातले तं डोळा जाईल, आन् मंग परत माझ्याच गळ्यात पडसाल. शेतात तं नाय ना गेल्या? गेल्या असाल तर आत्ता सांगा, मी येते आन् खाटंला बांधून ठेवते."

पलीकडे त्या हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, तरी हसत राहिल्या.

"आत्ता कशी!" म्हणाल्या. "बोल."